एलोजी तेल्याचा शनिवार

“शनिवारी घाणा बंद? तोही आमच्या वाढदिवसाला?” कांदळगडचे राजे भवानराव गादीवरून अर्धे उठले.

समोर एलोजी तेली हात जोडून उभा होता. “सरकार, शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत दिव्यांसाठी हवं तेवढं तेल गाळून देतो. पण शनिवारी आम्ही इस्राएल लोक घाण्याला हात लावत नाही. आमच्या वाडवडलांना देवानं निवडलं, तेव्हाच हा दिवस नेमून दिला.”

‘निवडलं’ हा शब्द राजांना झोंबला. कांदळगडात निवडायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि निवडलं जाण्याचाही! बैलांच्या प्रदर्शनात पहिला नंबर राजांच्या बैलाचा, काव्यस्पर्धेत पहिली राजांची कविता. परीक्षक अर्थातच राजे.

“तुम्हाला निवडलं? सगळी मिळून सात घरं तुमची! आमच्या बावीस पिढ्या त्या देवाला दिसल्या नाहीत? का निवडलं, सांग!”

“ते आम्हालाही उमगलेलं नाही, सरकार.” एलोजी खरं तेच बोलला.

“मग आठ दिवसांत कुणीतरी येऊन आम्हाला पटेल असं कारण सांगावं! नाहीतर घाणा शनिवारी फिरेल, किंवा तुम्ही गाव सोडाल!”

दरबाऱ्यांनी डोकी खाजवली. दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले, “त्या काळी नकाशे नव्हते, देवाला कांदळगड सापडलं नसावं.” राजकवी म्हणाले, “सरकारांचा जन्म व्हायचा होता, म्हणून देवानं तात्पुरती सोय केली.” हे राजांना आवडलं. “पण मग आमच्या जन्मानंतर बदल का केला नाही?” असं त्यांनी विचारताच राजकवींना ठसका लागला. ख्रिस्ती लोकांचं शास्त्रही इस्राएल लोकांकडूनच आलंय म्हणून पाद्रीबाबांना विचारलं, तर त्यांनी चाळीस पानं लिहून पाठवली. तिसऱ्या पानावर राजे घोरू लागले.

सगुणाबाईला हे कळलं ते एलोजीच्या ओसरीवर. ती गावची सुईण, धर्मानं ख्रिस्ती. एलोजीच्या सुनेचं पोट तपासायला आली, तर सासू रडत रडत भांडी पोत्यात भरत होती.

“अगं, आज-उद्याची बाळंतीण ही! गाडीत घालून कुठं नेणार हिला?”

“जिथं शनिवार पाळू देतील तिथं,” सासू म्हणाली.

सगुणाचा संताप झाला. दर रविवारी ती ज्या प्रभूपुढं गुडघे टेकायची, त्याला अंगावर पाजणारी आई याच लोकांतली. आणि यांनीच गाव सोडायचं? पदर खोचून ती एलोजीला घेऊन थेट दरबारात गेली.

बांबूच्या चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब बसल्या होत्या. त्यांची तिन्ही बाळंतपणं सगुणाच्याच हातची, त्यामुळं तिला कुणी अडवलं नाही.

“सगुणे, तू सांगणार?” राजे हसले. “पाद्रीबाबांना चाळीस पानांत जमलं नाही!”

“मला एका प्रश्नात जमेल, सरकार. पण तो मी आपल्याला विचारणार.”

“विचार!”

“सरकारांना अकरा संस्थानांतून मुली सांगून आल्या होत्या. मग आंबेवण्याच्या एवढ्याशा जहागिरीतल्या राणीसाहेबांनाच का निवडलंत?”

पडद्याआड बांगड्या वाजल्या.

“का म्हणजे... त्या अतिशय देखण्या होत्या.”

“होत्या?” पडद्याआडून आवाज आला.

“आहेत! आहेत!”

“म्हणजे रूपासाठी,” सगुणा म्हणाली. “उद्या देवी आल्या आणि तोंडावर वण राहिले, तर?”

“छे, तसं नव्हे! त्यांचं घराणं मोठं—”

“आमच्या घराचं छप्पर गळत होतं!” पुन्हा पडदा बोलला. “मला बघायला आलात तेव्हा तुमच्या फेट्यावर ठिबकत होतं!”

दरबाऱ्यांनी हसू दाबायला मिशा चावल्या. राजांना घाम फुटला. “त्यांचा स्वभाव शांत...” एवढं म्हणून ते स्वतःच थांबले. पडद्याआड असं काही सामसूम झालं की दिवाण दाराकडं सरकले.

“अहो, काही कारण नाही!” राजे शेवटी ओरडले. “मनात भरली आणि शब्द दिला! त्याला कारण काय डोंबलाचं!”

सगुणानं हात जोडले. “आमचं शास्त्र इस्राएल लोकांना हेच सांगतं, सरकार. तुम्ही जास्त होतात म्हणून देवानं निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे. त्याचं प्रेम बसलं आणि तुमच्या वाडवडलांना दिलेला शब्द त्यानं पाळला.”

राजे सहजासहजी हरणाऱ्यांतले नव्हते. “पण एकाला निवडलं म्हणजे बाकीच्यांना टाकलं की!”

“राणीसाहेबांच्या पोटी युवराज झाले. ते काय नुसते आंबेवण्याचे?”

“साऱ्या कांदळगडाचे! घरोघर साखर वाटली होती आम्ही!”

“तसाच आमचा प्रभू त्या घरात जन्मला, आणि साखर माझ्या उंबऱ्यापर्यंत आली. ती खाऊन आता त्याच्या आजोळाला गावाबाहेर काढू?”

राजांनी शेवटचा डाव टाकला. “पण तुझ्या प्रभूला हे इस्राएल लोक मानत नाहीत ना? मग देवानं ती निवड कधीच मोडली असणार!”

“सरकार, राणीसाहेबांचं आणि आपलं गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही, असं वाड्यातले लोक म्हणतात.”

राजांचे कान लाल झाले. “मग?”

“मग सरकारांनी लग्नातला शब्द परत घेतला?”

“शब्द परत? आणि या भवानरावानं? अशक्य!”

“तर मग देवाला मी सरकारांपेक्षा हलकं कसं समजू?”

आधी पडदा खुदकन हसला. मग राजे असे हसले की मांडीवरचं विड्याचं तबक खाली सांडलं.

“एलोजी, तुझा शनिवार तुझा! दिवे शुक्रवारच्या तेलावर लागतील. सगुणे, तू माग काय हवं ते!”

“पावसात बाळंतिणीकडं पोचायला चिखल तुडवावा लागतो, सरकार. काही सोय व्हावी.”

“आमचा मेणा घे! भोयांसकट!”

“पण मग सरकार कशातून जाणार?” दिवाणांनी घाबरून विचारलं.

“पायी!” पडद्याआडून उत्तर आलं. “वैद्यबुवा कधीचे सांगताहेत!”

राजांनी आपल्या पोटाकडं पाहिलं, आणि सगळ्या दरबाराआधी तेच पुन्हा हसू लागले.