गुडघ्यांचं तेल

फार मागे, जनावरांचं राज्य होतं तेव्हा, चांद्या नावाचा बैल तेलाचा घाणा ओढायचा. निघालेल्या तेलातला हिस्सा सिंहाच्या दरबारात जायचा. कामासाठी खर्ची पडलेल्या तेलावर मात्र हिस्सा माफ असे.

वसुलीला कारभारी बगळा आला. एका पायावर उभा राहून म्हणाला, "घाण्याच्या लाकडाला चोळलेलं तेल माफ. गुडघ्यांना चोळलेल्याचा हिस्सा काढ."

दिवसभर गोल गोल फिरून चांद्याचे गुडघे ठणकत होते. "अहो कारभारी, गुडघे आखडले तर घाणा फिरणार कसा?"

"गुडघे तुझे खाजगी. त्यांच्या जोरावर तू पाणवठ्यावरही जातोस. घाणा तेवढा कामाचा."

चांद्यानं हिस्सा देऊन टाकला आणि गुडघ्यांना तेल लावणंच सोडलं.

थंडी पडली. ऐन सणाच्या तोंडावर दरबारातले दिवे कोरडे पडले, तसा बगळा धावत आला. चांद्या उन्हात रवंथ करत बसला होता.

"अरे बसलास काय? ऊठ, घाणा फिरव!"

"गुडघे उठू देत नाहीत, कारभारी," चांद्या म्हणाला. "पण घाण्याला तेल अगदी नीट चोळलंय. त्यालाच सांगा फिरायला."