पाठीवरची किल्ली

त्या राज्यात सगळेच पत्र्याचे होते. प्रत्येकाच्या पाठीला किल्ली होती, आणि स्वतःच्या किल्लीपर्यंत कुणाचाच हात पोचत नव्हता. स्प्रिंग सैल पडायच्या आत दुसऱ्याला सांगून ती फिरवून घ्यावी लागे. पंचाईत एवढीच, की ते सांगायचा शब्द गल्लीगणिक वेगळा. कुठे ‘कर्रम’, कुठे ‘गरके’, कुठे ‘आवळू’. एखादा शब्द समोरच्याला कळला, की दोघंही तेवढाच जपत आणि बाकीचे सोडून देत. नाही कळला, तर भर रस्त्यात थबकलेले पुतळे होतेच.

तांबी काळजीने अर्धी झाली होती. तिची लेक इवली चौकात जायच्या वयाची झाली, आणि बाईसाहेब म्हणत ‘टुणू’!

“टुणू नाही गं, बाळा. कर्रम म्हण. नाही कळलं तर गरके. नाहीतर आवळू.”

“टुणू,” इवली म्हणाली आणि आईची किल्ली फिरवू लागली.

शेजारची जस्तूमावशी कठड्यावरून हसली. “अगं तांबे, पोरीला बोलायला शिकवतेस की पाढे म्हणून घेतेस?”

आपलंच चुकलं, हे तांबीला पटलं. जास्त शिकवलं की उशिरा शिकवलं, एवढंच ठरेना.

इवली चौकात जाऊ लागली. परतायची ती किल्ली घट्ट भरून. कुणाला तरी दया येत असावी, अशी तांबीने स्वतःची समजूत घातली. आणि दया आटली तर काय, ही काळजी लगेच सुरू केली.

“तू करतेस तरी काय गं तिथे?”

“सगळ्यांना टुणू देते.”

एका संध्याकाळी इवली आलीच नाही. तांबी तशीच शोधायला निघाली. परक्या गल्लीत तिचे पाय जडावले.

“कर्रम,” ती म्हणाली.

लोक थांबले. “काय म्हणतायत या बाई?”

“ऐकल्यासारखं वाटतंय खरं,” एक म्हातारा पुटपुटला.

“गरके... आवळू...” मान वळेना. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात तिच्या तोंडून तेच निघालं, जे ती रोज दुरुस्त करत आली होती.

“टुणू.”

“अहो, मग आधीच नाही का सांगायचं!” कितीतरी अनोळखी हात एकदमच तिच्या पाठीकडे आले.

मान वळली, तेव्हा गल्लीच्या टोकाला तिला इवली दिसली. टाचा उंचावून एका थोराड पाठीवरची किल्ली फिरवत होती. मागे लांबलचक रांग होती, आणि रांगेतला प्रत्येकजण पुढच्याची किल्ली फिरवत होता.