एकवीस घरं जास्त

“मग टंचाई आहे कुठं, बाबा?”

सर्वेक्षण अधिकारी सौमित्र केळसकर दर्ग्याच्या अंगणात उभे होते. बूट फाटकाशी काढलेले, डोक्यावर रुमाल. वैशाखातली दुपार, पायाखाली काळी फरशी.

“गावात घरं एकसष्ट. कुटुंबं चाळीस. म्हणजे एकवीस घरं जास्तच.”

“त्या एकवीसला कुलपं आहेत,” दर्ग्याचे मुजावर लतीफबाबा ओसरीवरून म्हणाले. “मालक कुणी पनवेलला, कुणी दुबईला.”

“कागदावर कुलूप दिसत नाही.”

“शेवंता दिसते?”

शेवंता पाडावे ओसरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. दरडीखाली घर गेलं त्याला तीन पावसाळे झाले. घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं. आज ते कापलं जाणार होतं. शेडच्या दाराशी उभी राहून ती सगळं ऐकत होती.

“माझा तिच्यावर राग नाही,” केळसकर पाय बदलत म्हणाले. “पण शाळेत पहिलीला यंदा दोन मुलं आहेत. दोन! माणसंच कमी होतायत, बाबा. वीस वर्षांत घरं फुकट मिळतील. तिनं थोडी कळ काढावी.”

“तोवर मला साडेतीन हात पुरतील, साहेब,” शेवंता म्हणाली.

केळसकरांनी तिकडं पाहिलं नाही. अहवालाचा कागद पुढं केला.

“पंच म्हणून तेवढी सही द्या.”

बाबांनी कागद घेतला नाही.

“बरं, वर तरी येऊ द्या. फरशी तापलीय.”

बाबांनी काठी उचलली आणि पायरीवर आडवी धरली.

“ओसरीवर जागा किती आहे, साहेब?”

“पुष्कळ. पन्नास माणसं बसतील.”

“बसलेत किती?”

“तुम्ही एकटे.”

“मीही चौऱ्याऐंशीचा. फार दिवस अडवणार नाही.”

“थट्टा पुरे, बाबा! पाय भाजतायत.”

“पण जागेची टंचाई नाही ना?”

…

केळसकर या पायावरून त्या पायावर होत राहिले. बूट लांब होते. सहीशिवाय परत जाता येत नव्हतं.

शेवंता हसली नाही.

“मग अहवालात लिहू तरी काय?” ते ओरडलेच.

“तुम्ही शिकलेले. हवं ते लिहा.”

काठी हलली नाही.

“फक्त तिथंच उभं राहून लिहा.”