न बसणारी खुर्ची

“मास्तर, न बसणारी खुर्ची मिळेल का?”

“बसणारी खुर्ची मी तरी अजून पाहिली नाही लेका. खुर्च्या उभ्याच असतात. बसतात ती माणसं.”

बोलणारा जन्मांध होता. त्यामुळे हसावं की नाही, ते विचारणाऱ्याला कळेना.

“तसं नाही हो. फोम बसतो. वर्षाच्या आत खड्डा पडतो. मला कधीच न बसणारी हवीय.”

मिरजेत, स्टेशनामागच्या बोळात, सदोबा कारंडे वेताच्या खुर्च्या विणत. त्याआधी तीस वर्षं अंधशाळेत त्यांनी हेच काम शिकवलं. हातात सदा वेत, आणि टाका चुकला की तोच बोटांवर बसायचा, म्हणून पोरांनी नाव पाडलं वेताळमास्तर. हे नाव मास्तरांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आलेला होता शार्दूल नेर्लेकर. सांगलीचा, सव्विशीतला. कॉम्प्युटरवरचे खेळ खेळणारा, स्पर्धा मारणारा, त्यासाठी रोज बारा-बारा तास बसणारा. येताना आपली खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आला होता.

“मणक्यातली गादी सरकलीय,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, खुर्ची बदल नाहीतर खेळ सोड. त्यांनीच तुमचं नाव दिलं. म्हणाले, मास्तर खुर्चीला हात लावून दुखणं सांगतात.”

“गादी तुझी सरकली की खुर्चीची?”

शार्दूल हसला नाही. त्यानं खुर्चीची माहिती द्यायला घेतली. फोम किती घट्ट असावा, पाठ किती अंश मागं जावी, कमरेची उशी कुठं यावी, हात किती दिशांना फिरावेत, खालच्या दांड्यानं किती वजन पेलावं. चाळीस खुर्च्यांचा अभ्यास केला होता त्यानं. खुर्चीचा इतका ध्यास आपल्याकडे एरवी फक्त पुढाऱ्यांना असतो.

मास्तर गोणपाटावर बसून ऐकत होते. शेजारी बादलीत वेत भिजत होता.

“झालं?” त्यांनी विचारलं. “आता टेक जरा.”

खिडकीपाशी हातांची एक खुर्ची होती. वेत जुना, पिवळा, पण एक धागा निसटलेला नाही. शार्दूल तिकडे वळला.

“तिथं नको.”

“का? गिऱ्हाइकाची आहे?”

“तिथं नको म्हटलं ना. ते स्टूल घे.”

तो स्टूल घेऊन बसला. आपण एवढं बोललो आणि या म्हाताऱ्याच्या काही डोक्यात शिरलं नाही, असं त्याच्या मनात आलं असावं. चेहऱ्यावर तरी तेच होतं.

मास्तरांनी त्याची खुर्ची पुढ्यात ओढली. तळवा बैठकीवर ठेवला आणि हळूहळू कडेकडेनं फिरवला. मग पाठ. मग हात. मग पुन्हा बैठक. डाव्या बाजूला तळवा थांबला.

“किती दिवसांची?”

“दोन वर्षांची. म्हणूनच म्हणतो, कंपनीनं फसवलं. फोम...”

“फोम बरा आहे.”

“मग बसला कसा?”

“उजवीकडं नव्यासारखा आहे. नुसता डावीकडं गेलाय. डावा हातही सैल झालाय.” मास्तरांनी तो हलवून दाखवला. “तू सरळ बसतच नाहीस. डावीकडं कलून बसतोस.”

“नाही. मी सरळ बसतो.”

“लेका, तू काय करतोस ते तू सांग. तुझं बूड काय करतं ते खुर्ची सांगते.”

मास्तरांचा तळवा पुन्हा डाव्या खड्ड्यावर आला.

“डावीकडं काय आहे?”

“काही नाही.”

“कोण आहे?”

“ओजस,” तो शेवटी म्हणाला. “धाकटा भाऊ. आम्ही जोडीनं खेळायचो. त्याचा पडदा बघायला मी कलायचो. तो ओरडायचा, स्वतःचं बघ म्हणून.”

“आता ओरडत नाही?”

“गेल्या भाद्रपदात गेला. डेंग्यू झाला होता. चार दिवसांत...”

मास्तरांनी खड्ड्यावरचा हात काढला नाही.

“हा खड्डा दोन वर्षांचा आहे,” ते म्हणाले. “मधे थांबलेला नाही. वर्षभर तू रिकाम्या जागेकडं कलतोयस.”

शार्दूलनं खाली पाहिलं.

“खेळ कसा सोडू मास्तर? सोडला तर त्याच्याजवळ बसायला दुसरी जागा कुठाय मला?”

“आणि त्याची खुर्ची?”

“तिथंच आहे. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या. त्याची अजून नव्यासारखी आहे. आई म्हणते, तुझी बिघडली तर तीच वापर, नाहीतर देऊन टाक कुणाला तरी. मी चादर घालून ठेवलीय. कुणाला हात लावू देत नाही.”

“किती दिवस ठेवणार?”

“कायम.”

“राहील?”

“न राहायला काय झालं? कुणी बसलंच नाही तर खुर्चीला काय होतंय?” आता त्याचा आवाज पुन्हा वर चढला होता. “टिकणारच ना!”

मास्तर उठले. त्या खोलीत ते भिंतीला हात न लावता फिरत. आज मात्र बोटं भिंतीला घासत घासत खिडकीकडे गेले. हाताच्या खुर्चीमागे उभे राहिले.

“ये. बस इथं.”

“तुम्हीच तर नको म्हणालात.”

“आता बस म्हणतो.”

“कुणाची आहे?”

“माझ्या बायकोची. इथं बसून मला रोज पेपर वाचून दाखवायची. जाहिरातींसकट. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून कुणी बसलं नाही.”

“मग मी कसा...”

“बस.”

शाळेतला आवाज होता तो. शार्दूल आला. खुर्चीचे दोन्ही हात धरून, अंग चोरून, हळू टेकला.

कट् असा आवाज झाला. वेताची एक पट्टी तुटली. त्यानं घाबरून उठायला जोर दिला, तर कडेच्या सगळ्या पट्ट्या एकापाठोपाठ तुटत गेल्या आणि तो बैठकीतून खाली गेला. लाकडी चौकटीत अडकला. गुडघे वर, तोंड छताकडे. एरवी कुणीही हसलं असतं.

मास्तरांनी त्याला हात देऊन वर काढलं. मग स्वतः खाली बसले आणि फरशीवरचे तुकडे चाचपून गोळा करू लागले. दोन बोटांत एक तुकडा धरून दाबला. सुकल्या काटकीगत मोडला.

“मास्तर, मला माफ करा. मी मुद्दाम नाही... मी हळूच बसलो होतो.”

“तुझं काही चुकलं नाही. वेताला अधूनमधून ओला हात फिरवावा लागतो. नाहीतर वाळून असा होतो.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं.”

“मग पाणी का नाही लावलं?”

मास्तर तुकडे गोळा करतच होते.

“पाणी लावलं की वाळताना वेत आवळतो. सैल पडलेली बैठक पुन्हा सपाट होते. मध्ये तिच्या बसण्याचा खोलगा होता. एवढासा. हात ठेवला की कळायचा... तो गेला असता.”

खिडकीतून ऊन आलं होतं. रिकाम्या चौकटीची सावली फरशीवर पडली होती. शार्दूल आता उघड उघड रडत होता. भावाला पोचवून आल्यावर तो रडला नव्हता, असं त्याची आई सगळ्यांना सांगत असे.

मग त्यानं नाक पुसलं.

“ती तुटणार, हे तुम्हाला कळलं होतं.”

“होय.”

“मग मला का बसवलंत?”

मास्तरांनी मूठभर तुकडे मांडीवर घेतले.

“मला बसवेना.”