राखेखालचा विस्तव

साकुरगावच्या टेकडीवर, महादेवाच्या देवळात लिंबनाथ महाराज राहत असत. पुढे थोरामोठ्यांच्या पालख्या त्यांच्या दाराशी आल्या, पण त्या काळी महाराजांभोवती गोळा होत ती गावातली पोरे. महाराज त्यांना अभंग शिकवत आणि अभंगाबरोबर अंगण झाडायलाही शिकवत. "देवाचं नाव घेणाऱ्याला घरचं काम जड होऊ नये," असे ते म्हणत.

नदीकाठी कोंडाई नावाची पाथरवटीण राहत असे. नवरा गेलेला. बोथट झालेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावत ती गावोगाव हिंडायची. महाराजांच्या सांगण्यावरून तिने आपल्या लहानग्या रावजीला भांडी घासायला, पीठ मळायला शिकवले होते. विस्तव झाकायला मात्र खुद्द महाराजांनी शिकवले. तेव्हा काडेपेट्या नव्हत्या. स्वयंपाक झाला की जळती गोवरी चुलीत सरकवायची, वर राख ओढायची, तळहाताने हलके थापायचे आणि म्हणायचे, "देवा, आता तू सांभाळ."

गावचे आबाजीराव देशमुख भारी मानी. त्यांच्या घरी पाण्याचा तांब्यासुद्धा गडी पुढे करायचा! एकदा रावजीला दारात भांडी घासताना पाहून त्यांनी घोडा थांबवला.

"कोंडे, पोराला चूल शिकवतेस? आता लुगडं नेसव आणि नवरा बघ त्याला!"

बरोबरची माणसे खो खो हसली. रावजीच्या डोळ्यांत पाणी आले. कोंडाई तडक देवळात गेली.

"म्हाराज, मी पोराचं वाटोळं तर करत न्हाई ना?"

महाराज म्हणाले, "भूक बाई-बाप्या बघून लागते का गं? मग कामानं का बघावं? तू शिकवत राहा."

त्या भाद्रपदात नदी कोपली. भर दुपारी पाणी गावात शिरले आणि सारा गाव टेकडीकडे धावला. कोंडाई हाताला धरून ओढत असतानाही रावजीने विस्तव झाकला, मगच उंबरा ओलांडला. देशमुखांची लेक बाळंतपणाला आली होती, तिलाही डोलीत घालून देवळात आणले. महाराज धुनीजवळ डोळे मिटून आसन घालून बसले, ते सकाळपर्यंत जागचे हलले नाहीत. सगळ्या गावाने ते पाहिले.

उजाडताना ओवरीत देशमुखांची लेक बाळंत झाली. मुलगा झाला, पण अंग गारठलेले, ओठ निळे. बाळ रडेना!

"शेक द्या! निखारे आना कुनीतरी!" सुईण ओरडली.

निखारे कुठले? पावसाच्या झोताने धुनी विझली होती. चकमकीचा कापूस भिजून चिंब झाला होता. आबाजीराव महाराजांकडे धावले.

"महाराज, माझा नातू चालला हो!"

महाराजांनी डोळे उघडले. "रावजी, काल विस्तव झाकलास ना?"

"व्हय म्हाराज."

"अहो, त्या झोपडीवरून पुरुषभर पाणी गेलं!" आबाजीराव कळवळून म्हणाले.

महाराजांनी रावजीलाच विचारले, "झाकून कुणाच्या हवाली केलास?"

"देवाच्या."

"मग जा, मागून आण."

पाणी तोवर ओसरले होते. मायलेक निघाले. आबाजीरावही अनवाणी, चिखल तुडवत त्यांच्या मागे गेले. झोपडीची एक भिंत बसली होती, भांडीकुंडी वाहून गेली होती आणि चुलीत वीतभर गाळ साचला होता. ते पाहून देशमुख मटकन खाली बसले. रावजी मात्र दोन्ही हातांनी गाळ उपसू लागला.

गाळाखाली राख लागली. कोरडी ठणठणीत राख! तिच्यावर रावजीच्या इवल्या पंजाची खूण जशीच्या तशी होती आणि त्या खुणेला कवेत घेऊन एका थोराड पंजाची खूण उमटली होती.

"अगं बाई! ह्यो हात कुनाचा?" कोंडाईच्या अंगावर काटा आला.

रावजीने राख बाजूला केली. आत गोवरी लालबुंद फुललेली! भाविकहो, ज्याच्या हवाली केले त्याने रात्रभर पाण्याखाली राखण केली होती.

निखाऱ्यांचे खापर आबाजीरावांनी स्वतः उचलले. हात पोळले, तरी टेकडी चढेपर्यंत खाली ठेवले नाही. सुईणीने फडके तापवून बाळाला शेकले. हळूहळू ओठांवर रंग आला आणि बाळाने असा टाहो फोडला की सारे देऊळ "हर हर महादेव!" म्हणून दुमदुमले.

आबाजीरावांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. महाराज म्हणाले, "पाया पडून झालं, देशमुख. पण आता घरी हा विस्तव नेल्यावर झाकणार कोण?"

आबाजीरावांची मान खाली गेली. उभ्या जन्मात त्यांनी चुलीला हात लावला नव्हता.

"मीच झाकीन, महाराज. पण मला येत नाही."

ते रावजीकडे वळले आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून म्हणाले, "बाळ, तुला फार बोललो मी. मला शिकवशील?"

रावजी लाजला आणि आईकडे पाहू लागला. आबाजीरावांनी त्याचे राखेने माखलेले दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. कपाळावर राख उमटली, ती त्यांनी दिवसभर पुसली नाही.