उस्तादांचा उजवा पाय

“पण पाय हललाच का, उस्ताद?”

शेजारच्या सीटवरून निनादने विचारलं. स्टिअरिंगवर बसलेले उस्ताद गुलाब मुलाणी ट्रकच्या काचेतून समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिले.

माळावरचा तो रस्ता कुठल्याच गावाला जात नाही. नव्या ट्रकांची परीक्षा घ्यायची म्हणून तो बांधलेला. भोवती कुंपण, एक फाटक, आणि आत दिवसभर नुसत्या फेऱ्या. उस्ताद तिथे बावीस वर्षं गाड्या चालवत होते. नवा इंजिनियर आला की पहिले सहा महिने त्यांच्या शेजारी बसून शिकायचा, असा तिथला रिवाज. निनाद पेडणेकरही तसाच शिकला होता.

आता मात्र निनादने स्वतः ब्रेक बनवला होता. माणूस आडवा आला की ट्रक आपला आपण थांबायचा. त्याचा निनादला इतका अभिमान, की चहाच्या टपरीवरही तो दुसरं काही बोलायचा नाही.

आज त्या ब्रेकची परीक्षा पोरावर होती. म्हणजे पोराएवढ्या फोमच्या बाहुलीवर. लाल टोपी घातलेली ती बाहुली सरकत्या पट्ट्यावरून सर्रकन रस्त्यात यायची. तिथली माणसं तिला चिंगी म्हणायची. वेगही गाडी आपला आपण धरायची, म्हणून नियम एकच. ड्रायव्हरने पाय खाली सपाट ठेवायचा, ब्रेकला शिवायचं नाही. पायाने ब्रेक दाबला की फेरी बाद.

तीन फेऱ्या बाद झाल्या होत्या. तिन्ही उस्तादांच्या पायाने.

“मोठ्या माणसाचा पुतळा आडवा आला तर तुमचा पाय हलत नाही. चिंगीलाच कसा हलतो?”

“काय सांगू आता...”

निनादने आवाज खाली आणला. “कधी एखादं पोर... गाडीखाली?”

“न्हाई रे बाबा. सगळ्या जन्मात एक न्हाई.”

“मग भीती कसली?”

“भीती न्हाई.”

“मग?”

उस्ताद हसले. गळ्यातला रुमाल काढला आणि आपला उजवा घोटा सीटच्या पायाला बांधून टाकला.

चौथी फेरी. ट्रक पन्नासच्या वेगाने निघाला. चिंगी आडवी आली... आणि ट्रक गचकन थांबला. चिंगी दोन हातांच्या अंतरावर, जशीच्या तशी उभी.

“बघितलंत?” निनादने मांडीवर थाप मारली. “तुमच्या पायाची गरजच नाही!”

उस्ताद रुमाल सोडत होते. पायाने ओढून ओढून गाठ अशी आवळली होती की सोडवताना त्यांना बराच वेळ लागला. मग ते खाली उतरले, चिंगीची टोपी नीट केली, तिच्या अंगावरची धूळ झटकली आणि परत आले.

निनादने घसा साफ केला.

“उस्ताद, तुमच्यापासून लपवून लिहायचं नाही मला. संध्याकाळच्या अहवालात एक ओळ घालावी लागेल. चालकाचा पाय स्थिर राहत नाही. चालक बदलावा.”

बोलून झालं आणि त्यालाच कसंतरी झालं. याच माणसाने त्याला ट्रकचा क्लच धरायला शिकवला होता.

“लिहा साहेब. खोटं काय हाय त्यात?”

दोन वर्षांत उस्तादांनी त्याला पहिल्यांदा साहेब म्हटलं. निनादला ते लागलं, तरी लॅपटॉपवरच्या अहवालात त्याने ती ओळ लिहिली.

“एक फेरी ऱ्हायलीय,” उस्ताद म्हणाले. “तेवढी तुम्ही मारा.” आणि रुमाल पुढे केला.

“रुमाल कशाला? माझा पाय माझं ऐकतो. ब्रेक मी बनवलाय, उस्ताद. तो थांबणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?”

“बरं...”

दोघांनी जागा बदलल्या. उस्तादांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. निनादने पाय सपाट ठेवला. चाळीस... पंचेचाळीस... पन्नास.

लाल टोपी रस्त्यात आली.

ट्रक थांबला. 

निनादने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर होता, तळापर्यंत दाबलेला. आपण तो कधी दाबला, हे त्याला कळलंच नव्हतं. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली होती, फेरी बाद.

“गाडी थांबणार हे मला माहीत होतं, उस्ताद.”

“व्हतं की.”

“ती बाहुली आहे.”

“बाहुलीच हाय.”

निनादचे डोळे भरून आले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उस्तादांच्या मांडीवरचा लॅपटॉप त्याने ओढून घेतला, अहवालातली ती ओळ शोधली आणि पुसून टाकली.

“फेरी पुन्हा मारावी लागेल,” तो म्हणाला. “गाडीला सगळं शिकवलं मी. आता या पायाला काय शिकवू?”

उस्ताद कण्हत खाली वाकले. रुमालाने निनादचा घोटा त्यांनी सीटच्या पायाला बांधला, गाठीत बोट घालून ती आवळत तर नाही ना ते बघितलं.

“त्याला काय शिकवू नको, लेका. हितं बांध. फाटकाबाहेर गेलास की मोकळा सोड.”