न फोडायची पाटी

सागाच्या एका रानात, ओढ्याच्या वळणावर, एक साळिंदर दुकान सांभाळीत असे. दुकान त्याचे नव्हते, मुलांनो, हत्तीचे होते. हत्तीची अशी बारा रानांत बारा दुकाने, आणि माल सगळ्यांहून स्वस्त. नियम एकच : नाचणीची पाटी पानांनी शिवून येई, ती दुकानात फोडायची नाही. घ्यायची तर अख्खी घ्यायची. जनावरे मोहाची दहा फुले देत आणि पाटी घेऊन जात.

त्या वर्षी मोह फुललाच नाही म्हणा ना. पाट्या जागच्या जागी राहिल्या. हत्तीचा निरोप आला, "अमावास्येपर्यंत माल हलला नाही, तर दुकान उचलतो. तुझं तू बघ." साळिंदराला घास गोड लागेना. उतारवयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार? त्याने दहाची पाटी आठला केली. तरी गिऱ्हाईक त्याच्या दारावरून पुढे जाई आणि जांभळाखाली नाचणी विकणाऱ्या खारीच्या टपरीपुढे उभे राही. खारीचा दर तर त्याच्या दीडपट!

एकदा त्याने गवतातल्या लावी पाखराला वाटेतच अडवले. "काय गं, माझी नाचणी कडू लागते का?"

"नाही हो काका," लावी म्हणाली. "पण माझ्या चोचीत आज एकच फूल आहे. खारमावशी एका फुलाची मूठभर देते. पिल्लांचं आजचं भागतं."

"अगं, पण ती महाग पडते तुला!"

"पडते ना. पण स्वस्त घ्यायलाही आधी गाठीशी काही असावं लागतं."

साळिंदराच्या ध्यानात आले. इतके दिवस तो दर उतरवीत होता, आणि अडचण दरात नव्हतीच. मग त्याने खारीकडे पाहिले. डोंगरापलीकडून नाचणी वाहून वाहून तिच्या पाठीचे केस झडले होते. तिचा दर का चढा, तेही त्याला कळले. काटे मिटून तो जांभळाखाली गेला.

"भांडायला आलात, की टोचायला?" खार म्हणाली.

"विकायला आलोय, बाई. डोंगरापलीकडे कशाला जातेस? माझ्याच पाट्या घे. फोडायची मनाई मला आहे, तुला नाही."

"आणि उद्या माझी गिऱ्हाइकं ओढलीत तर?"

"कोणाच्या घरात किती तोंडं, कोणाला आज किती पुरेल, हे मला कुठे ठाऊक? ते तुलाच ठाऊक."

खार शेपटी हलवीत म्हणाली, "आजच दोन द्या. बघते."

खारीची पायपीट वाचली, तशी तिची मूठ मोठी झाली. लावीची पिल्ले पोटभर जेवू लागली. अमावास्येला हत्ती आला, तर दुकानात एकही पाटी शिल्लक नाही.

"एवढा माल घेतला कोणी?"

"समोरच्या खारीने, मालक."

"ती तर आपल्या वाईटावर टपलेली!"

"मलाही तसंच वाटत होतं," साळिंदर हळूच म्हणाला. "आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आहे ती."

हत्ती कान हलवीत म्हणाला, "पुढच्या खेपेला किती पाठवू, ते तिलाच विचारून सांग."

तात्पर्य : माल नुसता स्वस्त असून भागत नाही, तो गरिबाला झेपेल एवढा मिळावा लागतो, आणि गरिबाची गरज ज्याला कळते, त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला सोबत घ्यावे.